प्लास्टरच्या आधी

बेसा रोडच्या आतल्या लेआउटमध्ये, प्लॉट नंबर एक्केचाळीस.
विटा अजून उघड्या, खिडक्यांच्या नुसत्या चौकटी,
आणि मोरेश्वर निखारे कानावरचा खडू काढून
मला विचारतो,
"बाई, नळ कुठी पायजे?"

एकवीस वर्षं इतवारीत भाड्यानं काढली.
नळ जिथं होता तिथं होता:
जिन्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर.
साडेचारला यायचा, सव्वापाचला जायचा,
बादली मावायची नाही म्हणून गंज तिरपा धरायचा
आणि गंजानं बादली भरायची.
नळ कुठं हवा, हे कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता.
म्हणून उत्तर लगेच आलं नाही.

निखारे थांबला. मग म्हणाला,
"इथं उभ्या राहा. भांडे घासून राहिल्या असं समजा."
विटांसमोर उभी राहून मी हवेत कढई घासली.
त्यानं कोपराखाली टेप धरला, जमिनीपर्यंत सोडला.
"सगळे बत्तीस ठेवतात. पोट्ट्या, पस्तीस लिही."

कूलरचा नळ मी विसरले होते. तो नाही विसरला.
दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांबाहेर एकेक पॉइंट,
"का बादल्या भरत बसता मे महिन्यात?"
टाकीचा पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून नको,
दुपारी चारला नळाखाली हात धरवणार नाही;
उत्तरेकडून फिरवू, बारा फूट जास्त लागेल.
ह्यांनी मोबाइलवर बारा फुटांचा हिशेब काढला.
मी म्हटलं, लागू द्या.

बोअरचं पाणी क्षाराचं, ते संडासाला आणि झाडांना.
पेंचचं येईल तेव्हा येईल,
त्याची लाइन आत्ताच टाकून तोंडाला बूच.

"येणारं पाणी जोर लावून येते," तो सांगत होता,
"जाणाऱ्याले फक्त उतार दाखवा लागते."
बाहेर काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते,
पाइप मोडून टाकते.
म्हणून चेंबरपर्यंत खाली मुरूम, वर मुरूम.

शनिवारी गेज लावलं. काटा दहावर.
रविवारी सकाळी सातवर.
कुठंतरी गळून राहिलं होतं.
निखारे काही बोलला नाही. भिंतीला कान लावत
एकेका खोलीतून सरकत गेला,
मागे टॉर्च धरून त्याचा भाचा टिकाराम, सतरा वर्षांचा.
न्हाणीघरात, गीझरच्या एल्बोखाली,
विटेवर रुपयाएवढी ओल.
सोल्यूशन लावलं होतं, पाइप पुरता आत दाबला नव्हता;
तेवढ्यात फोन वाजला होता म्हणे.
मला वाटलं, आता बसते थप्पड.
निखाऱ्यानं तो सांधा कापला,
पुसला, आणि पोराच्या खिशात घातला.
"राहू दे. लग्नापर्यंत सांभाळ."

सोमवारी काटा दहावर होता. मंगळवारी प्लास्टर.
मधल्या संध्याकाळी मी टेप आणि वही घेऊन एकटीच आले,
उद्या दिसणार नाही ते सगळं मोजून काढलं.
डाव्या कोपऱ्यापासून दोन फूट तीन इंच, गरम.
खिडकीखाली एक वीत, थंड.
इथं खिळा ठोकायचा नाही. इथंही नाही.
वही रजिस्ट्रीच्याच पिशवीत ठेवली.
रजिस्ट्रीत माझं नाव दुसरं आहे.

टिकारामनं खडूनं भिंतभर लिहून ठेवलं होतं:
गरम, थंड, गरम,
आणि स्वयंपाकघरात, पस्तीस इंचांवर, बाणासकट:
बाई.
दुपारी मिस्त्री तिथवर पोचला.
दोन थाप्यांत झालं.

हात धुता धुता म्हणाला, सात दिवस पाणी मारा,
भिंत तहानलेली राहिली तर तडकते.
दारात ड्रम होता टँकरनं भरलेला.
मी पिशवीतून गंज काढला.